पाच लाखांत ‘डिजिटल ग्रंथालय’: आधी माणसांचे तास मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचं अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय, दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी. ग्रंथालयात नव्याने रुजू झालेला ग्रंथपाल, एक लिपिक, एक परिचर. परिचराचं दुसरं पद कित्येक वर्षं रिक्त. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकचं मूल्यांकन तोंडावर आल्यामुळे संस्थेने ग्रंथालय ‘डिजिटल’ करायला पाच लाख रुपये मंजूर केलेत. त्यात काय घ्यावं, माणसं किती लागतील आणि प्राचार्यांना नेमकं काय सांगावं?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. पाच लाखांपैकी दोन लाखांपेक्षा जास्त रक्कम पहिल्या वर्षी खर्च करू नका. उरलेले तीन लाख पुढच्या चार वर्षांसाठी ग्रंथालयाच्याच नावाने राखून ठेवायचा ठराव करून घ्या. आणि कुठलीही नवी सेवा सुरू करण्याआधी तिच्यासमोर एका माणसाचं नाव आणि आठवड्याचे तास लिहा. नाव सुचत नसेल किंवा तास निघत नसतील तर ती सेवा यंदा सुरू करू नका, मग दरपत्रक कितीही स्वस्त असो.

आपल्याकडे हा हिशेब होत नाही, याचं कारण पैशांच्या वाटांमध्ये आहे. पगार शासनाच्या वेतन अनुदानातून येतो, पुस्तकं ग्रंथालय शुल्कातून, यंत्रं कधी संस्थेच्या तर कधी योजनेच्या पैशांतून. तिन्ही रकमा एका कागदावर कधी येतच नाहीत. त्यामुळे सॉफ्टवेअर मोफत मिळालं की सेवा मोफत झाली असं ग्रंथालय समितीला वाटतं. सातव्या वेतन आयोगानुसार महाविद्यालयीन ग्रंथपालाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. वर्षाचे ६,९२,४०० रुपये होतात, महागाई भत्ता वेगळा. म्हणजे तुमचं एका वर्षाचं नुसतं मूळ वेतनच या पाच लाखांपेक्षा जास्त आहे. तुमचा वेळ ही या सगळ्या प्रकल्पातली सर्वात महाग वस्तू आहे, आणि नेमकी तीच अंदाजपत्रकात नसते.

मोठ्या संस्थांनाही हे कळायला वेळ लागला. भौतिकशास्त्र आणि गणिताचे शोधनिबंध छापून येण्याआधीच खुले ठेवणारं अर्काइव्ह (arXiv) हे संकेतस्थळ १९९१ साली एका शास्त्रज्ञाने सुरू केलं आणि २००१ मध्ये ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात आलं. वाचकाला ते आजही मोफत आहे. पण २०१० साली कॉर्नेलच्या ग्रंथालयाला जाहीरपणे सांगावं लागलं की ते चालवायला वर्षाला सुमारे चार लाख डॉलर लागतात आणि जगभरच्या संस्थांनी त्यात वाटा उचलावा. त्या खर्चातला मोठा भाग माणसांच्या पगारांचा होता. तुमच्या ग्रंथालयाचा आवाका याच्या शतांशही नाही, तरी खर्चाची घडण हीच राहते.

नॅकच्या निकषांनीही या विसरण्याला नकळत हातभार लावला आहे. २०१७ नंतरच्या पद्धतीत ४.२ या भागात विचारलं गेलं ते असं: ग्रंथालयाचं संगणकीकरण कोणत्या प्रणालीवर, ई-साधनांची वर्गणी कोणकोणती, पुस्तकं आणि नियतकालिकांवरचा सरासरी वार्षिक खर्च किती, रोजचा वापर किती. माणसांच्या तासांना त्यात रकाना नव्हता. जे विचारलं जात नाही ते महाविद्यालय मोजत नाही. मग मूल्यांकनाच्या वर्षी खरेदी होते आणि समिती जाऊन दोन वर्षं झाली की ओपॅकचा, म्हणजे पुस्तकं शोधायचा, संगणक प्लास्टिकच्या आवरणाखाली असतो.

आता तासांकडे वळू. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं कर्मचारी सूत्र आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं आणि नोकरीत आल्यावर बाजूला ठेवलेलं असतं. ते पुन्हा काढा. त्यात देवघेवीची एक खिडकी वर्षाला १,५०० तास उघडी राहिली की एक माणूस धरला जातो. तांत्रिक कामासाठी वर्षाला २,००० नव्या ग्रंथांमागे एक माणूस येतो. नियतकालिकं ५०० असली की एक माणूस. सूत्र कार्ड-तालिकेच्या काळातलं आहे, त्यात सर्व्हरला आणि पासवर्डला जागा नाही. पण पद्धत आजही चोख आहे, कारण ती कामाच्या मापावरून माणूस ठरवते. एका माणसाचे वर्षाचे कामाचे तास १,५०० धरा. सुट्ट्या, परीक्षेची ड्युटी, प्रवेशाचं काम, निवडणुकीचं काम वजा जाता याहून जास्त तास हाती लागत नाहीत.

तुमच्यासारख्या महाविद्यालयाचा हिशेब मी असा मांडेन. आकडे माझ्या अनुभवातल्या अंदाजाचे आहेत. तुम्ही एक महिना वही ठेवून स्वतःचे काढा. देवघेव दिवसाला ९ तास, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २,२५० तास. रंगनाथन यांच्या मापाने दीड माणूस इथेच गेला. कोहासारख्या ग्रंथालय प्रणालीची देखभाल, म्हणजे बॅकअप पाहणं, अडलेलं सोडवणं, नव्या वर्षाच्या वाचकांची भर आणि जुन्यांची वजावट, आठवड्याला तीन तास, वर्षाचे १५०. नवी पुस्तकं ८००, दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेतली तरी प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे जवळजवळ २७०. एन-लिस्ट या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या सेवेची खाती आणि त्यांच्या तक्रारी १२०. प्रश्नपत्रिका, प्रकल्प अहवाल, शिक्षकांचे लेख डिजिटल संग्रहात चढवणं २००. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवणं आणि मदत, आठवड्याला ८ तास, ४००. अहवाल आणि आकडेवारी १००. आणि संस्थेच्या मनात असलेलं जुन्या पुस्तकांचं डिजिटायझेशन: शंभर पुस्तकं, प्रत्येकी ३०० पानं, तासाला दीडशे पानांच्या गतीने स्कॅनिंगचे २०० तास, आणि पानं तपासणं, फायलींना नावं देणं, नोंदी करणं यांना तेवढेच. असे ४००.

डिजिटल कामांची बेरीज १,६४० तास होते, म्हणजे एकाहून थोडा जास्तच पूर्णवेळ माणूस. खिडकी धरून २.६ माणसं. तुमच्याकडे कागदावर तीन आहेत. पण या बेरजेत पुस्तकं जागेवर लावण्याचा एकही तास नाही. बिलं, दाखल नोंदवही, साठा तपासणी, बांधणी, झाडलोट नाही. ग्रंथपालाला लागलेल्या समित्या नाहीत. प्राचार्यांसमोर हा कागद ठेवा. ‘माणूस कमी पडतो’ असं तोंडी सांगितलं की ते रडगाणं वाटतं. तासांचा तक्ता दिला की प्राचार्य विचारतात, ‘मग यातलं काय काढायचं?’ संभाषण तिथून सुरू झालं पाहिजे.

काढायचं असेल तर डिजिटायझेशनचे ४०० तास पहिल्या वर्षी काढा. शिकवण्याचे ४०० कधीही काढू नका. ते काढले की बाकीच्या सेवा वापरायला कोणी उरत नाही.

पैशांकडे येऊ. ग्रंथालय प्रणाली म्हणून तुमच्यासमोर प्रत्यक्षात दोन रस्ते आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सोल, नाहीतर मुक्तस्रोत कोहा. सोलला इन्फ्लिबनेटचा आधार आहे आणि विंडोजवर वावरलेल्या कर्मचाऱ्यांना ती लवकर हाताळता येते. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालयासाठी तयार झाली, २००० सालापासून वापरात आहे आणि तिला परवाना शुल्क नाही. माझा कल कोहाकडे आहे, पण एका अटीवर: लिनक्सला न घाबरणारा निदान एक माणूस तुमच्या आवाक्यात हवा. कोहाची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. प्रत्येक आवृत्ती घ्यायलाच हवी असं नाही, पण तीन-चार वर्षं एकही घेतली नाही तर सुरक्षेची भगदाडं तशीच राहतात आणि नंतरची उडी फार महाग पडते. तीस-चाळीस हजार नोंदींच्या ग्रंथालयाला साधा, चांगल्या प्रतीचा संगणक आणि १६ जीबी मेमरी पुरते. लाखभराच्या सर्व्हरचं दरपत्रक कोणी आणलं तर नम्रपणे परत करा. त्याऐवजी चांगला यूपीएस घ्या, आणि त्याच्या बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात हे आजच पाच वर्षांच्या तक्त्यात लिहून ठेवा.

बॅकअपबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे मोठमोठ्या ग्रंथालयांची गाळण उडालेली मी पाहिली आहे. कोहा नेहमीच्या पद्धतीने बसवली की रोजचा बॅकअप आपोआप होतो, पण तो त्याच यंत्रावर पडतो. यंत्राची डिस्क गेली की मूळही गेलं आणि प्रतही गेली. रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी प्रत जाईल अशी सोय करा. आठवड्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क ग्रंथालयात न ठेवता कार्यालयाच्या कपाटात ठेवा. आणि सहा महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहा. उतरवून न पाहिलेला बॅकअप आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं. हे काम करायला अर्धा दिवस जातो, त्यासाठी खरेदी काहीच लागत नाही.

मराठी नोंदींचा खर्च तर कुठल्याच दरपत्रकात दिसत नाही, आणि मराठी महाविद्यालयांत तोच सर्वात मोठा निघतो. तुमच्या ग्रंथालयातली निम्मी-अधिक पुस्तकं मराठी असतील. त्यांच्या जुन्या संगणकीय नोंदी दोनपैकी एका अवस्थेत सापडतील. काही ठिकाणी त्या रोमन लिपीत टंकलेल्या असतात, प्रत्येक टंकलेखकाच्या मनाप्रमाणे: फडके कुठे एफने, कुठे पीएचने, विश्वनाथ कुठे व्हीने, कुठे डब्ल्यूने. दुसरीकडे श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत. या फाँटांत अक्षरं दिसतात तशी साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा. रूपांतर करणारी साधनं आहेत, बरंच काम ती करतात, पण रफार, जोडाक्षरं आणि वेलांट्या जिथे एकत्र येतात तिथे चुका राहतात आणि त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात.

युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. ॲ हे अक्षर एकसंधही टंकता येतं आणि अ वर चंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र ते वेगळे शब्द ठरतात आणि विद्यार्थ्याला उत्तर मिळतं ‘पुस्तक उपलब्ध नाही’. पुस्तक पाठीमागच्या कपाटात असतं. त्यामुळे रूपांतरानंतर सगळ्या नोंदींवर एकसारखेपणाची एक फेरी मारावी लागते. शिवाय कोहात शोधासाठी झेब्रा वापरत असाल तर तिची मूळ मांडणी रोमन लिपीला धरून असते. देवनागरीसाठी आयसीयू नावाची मांडणी चालू करून सगळी अनुक्रमणी नव्याने बांधावी लागते. बसवून देणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर बसून दहा मराठी शीर्षकं शोधून पाहा. त्यात रफाराचं एक, ळ चं एक, ॲ चं एक आणि ऱ्य चं एक असू द्या. सगळी सापडली की मगच बिलावर सही करा. पहिल्या वर्षीच्या दोन लाखांतले पन्नास हजार मी या साफसफाईला देईन आणि लिपिकाचे दोन महिने. यातून मूल्यांकन समितीला दाखवण्यासारखा फोटो निघणार नाही, पण विद्यार्थ्याला पुस्तक सापडेल.

ई-साधनांचा भाग त्यामानाने सोपा आहे. एन-लिस्ट २०१० पासून चालू आहे. ६,००० हून अधिक नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं त्यातून मिळतात. अनुदानित महाविद्यालयांसाठी तिचं वार्षिक शुल्क जीएसटीसह ५,९०० रुपये राहिलं आहे. दोन हजार विद्यार्थ्यांत भागलं तर डोक्यामागे तीन रुपयेही होत नाहीत. इतकी स्वस्त सेवा असूनही कित्येक महाविद्यालयांत वापर शून्याच्या जवळ दिसतो, कारण मघाशी धरलेले १२० तास कोणी दिलेले नसतात. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांची यादी नीट करून चढवावी लागते. निम्म्यांचे ईमेल पत्ते चुकीचे असतात, प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच दिलेला असतो. मग पासवर्ड पोहोचत नाही आणि विद्यार्थी पुन्हा फिरकत नाही. यावर एकच उपाय मला लागू पडताना दिसला आहे. प्रत्येक वर्गाचा एक तास मागून घ्या, विद्यार्थ्यांना त्यांच्याच मोबाइलवर लॉगिन करायला लावा आणि त्यांच्या अभ्यासक्रमातला एक विषय शोधायला लावा.

‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेबद्दल प्राचार्य नक्की विचारतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ती मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. अंमलबजावणी इन्फ्लिबनेटकडे आहे. पण पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालच्या संस्था आहेत. महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालयं खासगी शिक्षण संस्थांची आहेत, शासन पगार देत असलं तरी. म्हणून ‘आता सगळं मोफत मिळणार’ या समजुतीवर तुमचं एन-लिस्टचं सदस्यत्व सोडू नका. ही रांग ज्यांना वगळून पुढे गेली आहे त्यांच्यात खेड्यापाड्यांतली हजारो मुलं आहेत, आणि ग्रंथपालांच्या संघटनांनी हा मुद्दा लावून धरायला हवा असं मला मनापासून वाटतं. तोवर तुमच्या संशोधक शिक्षकांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून ही नियतकालिकं पाहता येतील का, हे विद्यापीठाच्या ग्रंथपालांना पत्र लिहून विचारा.

स्वतंत्रपणे परदेशी ई-नियतकालिक घ्यायचा आग्रह एखाद्या विभागाने धरला तर दोन गोष्टी सांगा. २०१४ च्या मध्यात डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, २०२४ संपताना ८५ च्या. प्रकाशकाने एक सेंटही वाढवला नसता तरी १,००० डॉलरची वर्गणी ६० हजारांवरून ८५ हजारांवर गेली. दुसरं, वर्गणी थांबली की बहुतेक वेळा मागच्या वर्षांचे अंकही बंद होतात. छापील अंक कपाटात राहायचे. कायमस्वरूपी हक्क आहेत का, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नका.

संस्थेचा डिजिटल संग्रह म्हणजे प्रश्नपत्रिका, अहवाल, नियतकालिकाचे जुने अंक. त्यासाठी सगळे डीस्पेस या मुक्तस्रोत प्रणालीचं नाव घेतात. एमआयटी आणि एचपी यांनी २००२ साली ती खुली केली, आणि ती उत्तमच आहे. पण २०२१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून तिचा दर्शनी भाग आणि आतलं यंत्र वेगळं झालं, जुने पडदे गेले, मेमरीची भूक वाढली आणि बसवण्याचं कौशल्यही. सहाव्या आवृत्तीचा आधार २०२३ मध्ये थांबला. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी अजून जुन्याच आवृत्त्या कशाबशा चालू आहेत, कारण ज्याने त्या बसवल्या तो माणूस नोकरी सोडून गेला. एकट्या महाविद्यालयाने, पाचशे प्रश्नपत्रिकांसाठी, डीस्पेस बसवू नये. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर विषय, वर्ष आणि सत्रानुसार नीट लावलेली पानं पुरतात. फायलींची नावं पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीने द्या, म्हणजे पुढे कुठल्याही प्रणालीत त्या नेता येतील.

माणसांचा प्रश्न तरीही उरतोच. नवं पद मंजूर होईल या आशेवर योजना आखू नका. मागणी मात्र दरवर्षी लेखी करत राहा, तासांचा तक्ता जोडून. दरम्यान तीन वाटा आहेत.

पहिली आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची वाट: संस्थेच्या सगळ्या महाविद्यालयांनी मिळून एक तांत्रिक माणूस ठेवावा. महाराष्ट्राची ताकद आपल्या शिक्षण संस्थांच्या जाळ्यात आहे. एकेका संस्थेची पाच, दहा, काहींची चाळीसच्या वर महाविद्यालयं आहेत. प्रत्येक महाविद्यालय वेगवेगळ्या कंपनीला वार्षिक देखभालीचे पैसे देतं, त्यावर १८ टक्के जीएसटी भरतं, आणि गरजेच्या दिवशी फोन लागत नाही. आठ महाविद्यालयांनी तेच पैसे एकत्र केले तर लिनक्स आणि कोहा जाणणारा एक तरुण वर्षभर ठेवता येतो, आठवड्यातले पाच दिवस वाटून. सगळ्यांची कोहा एकाच ठिकाणी ठेवली तर बॅकअप एक, अद्ययावत करणं एक, आणि एका महाविद्यालयातलं पुस्तक दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला दिसू लागतं. यासाठी आठ प्राचार्यांना एका टेबलाशी बसवावं लागतं, ते काम संस्थेच्या सचिवांचं आहे. तुम्ही एक पानाचा प्रस्ताव लिहून त्यांच्या हाती द्या.

दुसरी वाट कमवा आणि शिका योजनेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ती कल्पना रुजवली. आज विद्यापीठांच्याही अशा योजना आहेत. बारकोड चिकटवणं, स्कॅनिंग, फायलींना नावं देणं, नव्या विद्यार्थ्यांना लॉगिन शिकवणं ही कामं मुलं फार चांगली करतात, आणि गावाकडून आलेल्या मुलाला चार पैसे मिळतात याचा आनंद वेगळाच असतो. मात्र दोन नियम पाळा. चार मुलांच्या कामावर रोज अर्धा तास लिपिकाने नजर टाकलीच पाहिजे, तो अर्धा तास तक्त्यात धरा. आणि प्रणालीचा मुख्य पासवर्ड, वाचकांची खासगी माहिती त्यांच्या हाती देऊ नका. कोणी कोणतं पुस्तक नेलं ही त्या वाचकाची खासगी गोष्ट आहे.

तिसरी वाट तुमच्याच लिपिकाची किंवा परिचराची. पहिल्या वर्षीच्या पैशांतले तीस हजार प्रशिक्षणाला ठेवा आणि ते स्वतःवर खर्च करू नका. तुमची बदली होऊ शकते, पदोन्नती होऊ शकते. लिपिक तिथेच राहतो. बारावी झालेल्या परिचरांना कोहाचं देवघेवीचं काम आणि बारकोडचं यंत्र आठवड्यात आत्मसात करताना मी अनेकदा पाहिलं आहे. त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं, एवढीच अडचण. प्रशिक्षणानंतर रोजच्या कामांची मराठीत, चित्रांसह, एक वही तयार करायला सांगा. ती वही म्हणजे तुमच्या गैरहजेरीतलं ग्रंथालय.

बाहेरच्या कंपनीला काम द्यावंच लागलं तर करारात काय असावं ते सांगतो. सगळा विदा (डेटा) महाविद्यालयाच्या मालकीचा. दर तिमाहीला संपूर्ण प्रत, मार्क २१ या प्रमाणित साच्यातल्या नोंदी आणि मूळ डेटाबेस दोन्ही स्वरूपांत, तुमच्या हाती. डोमेन आणि होस्टिंग महाविद्यालयाच्या नावावर, आणि मुख्य पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत. करार संपल्यावर स्थलांतराला मदत करणं बंधनकारक. एका महाविद्यालयात कंपनी बंद पडली आणि वीस वर्षांच्या नोंदी तिच्याच बंदिस्त प्रणालीत अडकल्या. दाखल नोंदवह्या शाबूत होत्या म्हणून सगळं पुन्हा टंकता आलं, पण त्यात लिपिकाची दोन वर्षं गेली. म्हणून हस्तलिखित दाखल नोंदवही बंद करायचा सल्ला मी आजही देत नाही.

सुरक्षेचा विषय लहान महाविद्यालयाचा नाही असं समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. ऑनलाइन तालिका जानेवारी २०२४ पर्यंत बंद राहिली आणि तीही मर्यादित स्वरूपात परतली. मार्चमध्ये ग्रंथालयाने स्वतःच प्रामाणिक अहवाल प्रसिद्ध केला. जुनाट झालेल्या प्रणाली आणि बाहेरच्या पुरवठादारांसाठी ठेवलेल्या प्रवेशावर दुहेरी पडताळणी नसणं ही कारणं त्यात ठळक आहेत. तुमच्याकडेही कंपनीचा माणूस दूरवरून संगणकात शिरून दुरुस्ती करतो ना? तो प्रवेश काम झाल्यावर बंद करा. पासवर्ड संगणकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नको.

पाच लाखांची माझी वाटणी अशी: पहिल्या वर्षी यंत्रं, यूपीएस, बाहेरच्या डिस्क आणि बारकोडचं साहित्य १,२०,०००, मराठी नोंदींची साफसफाई ५०,०००, प्रशिक्षण ३०,०००. पुढची चार वर्षं दरवर्षी ७५,०००: एन-लिस्ट, संस्थेच्या सामायिक माणसातला वाटा, कमवा आणि शिकाची मुलं, बॅटऱ्या आणि डिस्क. संस्थेचे पैसे असल्यामुळे ३१ मार्चला संपवण्याची सक्ती नाही. हा तक्ता महाविद्यालय विकास समितीत ठेवा, कारण २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार अंदाजपत्रक तिथूनच जातं. तिथे ठराव झाला की पुढच्या प्राचार्यांनाही तो बांधील राहील अशी शक्यता वाढते.

राहिला दुर्मीळ पुस्तकांच्या डिजिटायझेशनचा प्रश्न. दुसऱ्या वर्षी तो जरूर हाती घ्या, पण शंभर पुस्तकांनी नको. आधी प्रत्येक शीर्षक शोधा, कारण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून इंटरनेट अर्काइव्हवर गेलेल्या हजारो मराठी पुस्तकांत ते असण्याची शक्यता आहे. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा खुला संग्रहही पाहा, जुने अहवाल आणि ग्रंथ तिथे आहेत. जे दुसरीकडे नीट वाचता येण्याजोगं मिळतं, त्यावर तुमचे तास घालवू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, ती मुदत पाहा. मग जे उरतं ते बहुधा तुमच्याच जिल्ह्याचं असतं: बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फायली, सहकारी संस्थांचे अहवाल, महाविद्यालयाचे पहिले वार्षिकांक, एखाद्या स्थानिक वकिलाने दिलेला संग्रह. हे जगात दुसरीकडे कुठेही नसतं, आणि त्यासाठी दिलेला प्रत्येक तास सार्थकी लागतो. ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेलं ३०० पानांचं साध्या आकाराचं पुस्तक न दाबलेल्या स्वरूपात चार जीबीच्या जवळ जातं. दोन प्रती धरल्या तर समजा चाळीस पुस्तकांना सव्वातीनशे जीबी. एक टीबीच्या दोन डिस्क पुरतील. मराठी मजकूर शोधता यावा म्हणून चित्रातली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट हे मोफत साधन वापरता येतं. खिळ्यांच्या जुन्या छपाईवर ते अडखळतं, तेव्हा निदान शीर्षक, लेखक, साल आणि अनुक्रमणिका हाताने टंका. स्कॅन झालं म्हणून मूळ पुस्तक रद्दीत काढायचा प्रस्ताव कोणी मांडला तर त्याला लेखी विरोध नोंदवा आणि ते पुस्तक आम्लरहित कागदात गुंडाळून पेटीत ठेवा.